आधी कोणी सुरू केले?

मालकाचे प्रतिनिधी आणि कामगारांचे प्रतिनिधी एका टेबलाशी समोरासमोर बसले म्हणजे पहिला तासभर कशात जातो, हे ज्यांनी तडजोडीच्या बैठका पाहिल्या आहेत त्यांना सांगावयास नको. तो तास 'आधी कोणी सुरू केले' ह्या एकाच प्रश्नात जातो. व्यवस्थापन म्हणते, तुम्ही काम मंद केलेत म्हणून आम्ही उत्पादन-बोनस कापला. आम्ही म्हणतो, तुम्ही बोनस कापलात म्हणून काम मंद झाले. दोन्ही बाजूंकडे कागद असतात, कागदांवर तारखा असतात, आणि गंमत अशी की दोघांच्याही तारखा खऱ्या असतात. त्यांची वही ज्या दिवशी उघडते त्याच्या आदल्या दिवशी आमची उघडलेली असते. आणि आमच्या वहीच्याही आदल्या दिवशी काहीतरी घडलेले असतेच.

हाच प्रश्न घरोघरी विचारला जातो. नवरा म्हणतो, ही सारखी बोलते म्हणून मी गप्प बसतो. बायको म्हणते, हे गप्प बसतात म्हणून मला बोलावे लागते. सासूसुना, बापलेक, भाऊभाऊ, कोणतेही नाते घ्या. प्रत्येकाच्या वहीचे पहिले पान दुसऱ्याच्या अपराधाने सुरू होते. ह्या प्रश्नाला बाजूला सारून 'हा फेरा फिरतो कसा' असे विचारावयास गेल्या शतकात काही माणसे शिकली. त्यांच्या विचाराला प्रणाली-सिद्धांत असे भारदस्त नाव आहे. तो विचार कोठून निघाला आणि घराच्या उंबरठ्यापर्यंत कसा पोचला, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. आमच्याजवळ पदवी नाही. आमचे शिक्षण रात्रशाळेत झाले आणि इंग्रजी तयार झाले ते लेबर कोर्टाच्या निकालपत्रांवर, शेजारी शब्दकोश ठेवून. तेव्हा पंडितांनी ह्यात चुका काढाव्यात; आम्ही त्या दुरुस्त करून घेऊ.

आरंभ एका यंत्राने करू. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील गिरणीत होते. चार महिन्यांनी घरातले धान्य संपत आले, आणि गिरणगावातल्या कित्येक घरांनी केले तेच आमच्या घराने केले. पोरांना गावी धाडले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी चुलत्यांच्या विहिरीवर जुने ऑइल इंजिन होते. एकदा ते बिघडले आणि चुलत्यांनी झाकण काढले, तेव्हा आत गरगर फिरणारी दोन लोखंडी वजने आम्ही प्रथम पाहिली. चुलते म्हणाले, "हा गव्हर्नर. इंजिन पळायला लागलं की ही वजनं फाकतात आन् तेल कमी करतात. दमायला लागलं की मिटतात आन् तेल वाढवतात." आम्ही विचारले, म्हणजे इंजिनाला कोण हाकतो, हा गव्हर्नर? त्यावर ते हसून म्हणाले, "आरं, त्यालाबी इंजिनच फिरवतंय न्हवं!"

चुलते जे बोलले त्यातच आजचा सारा विषय आहे. गव्हर्नर इंजिनाला आवरतो आणि इंजिन गव्हर्नराला फिरवते. ह्यात कारण कोणते आणि कार्य कोणते? जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला असला गव्हर्नर बसविला. कल्पना त्याची स्वतःची नव्हे. पवनचक्क्यांत तशी युक्ती आधीपासून होती. पुढे कारखानदारांच्या ध्यानात आले की काही गव्हर्नर वेग स्थिर ठेवण्याऐवजी त्याला हेलकावे देतात. इंजिन पळते, मग दमते, मग अधिकच पळते. असे का होते ह्याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली मांडले. आवरणारी गोष्ट उशिरा किंवा अति जोराने आवरू लागली तर तीच बिघाड वाढविते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे गणित न शिकताही अनुभवलेले असते.

यंत्रातून ही कल्पना शरीरात गेली. वॉल्टर कॅनन ह्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने रक्तातली साखर, अंगातली ऊब, पाणी, क्षार हे सारे बाहेर काहीही होवो, ठरावीक मर्यादेत कसे राखले जातात त्याचा अभ्यास केला, त्या गुणाला १९२६ साली होमिओस्टॅसिस असे नाव दिले आणि १९३२ साली सर्वसामान्य वाचकासाठी त्यावर पुस्तक लिहिले. आपण त्याला समस्थिती म्हणू. लक्षात ठेवावयाचे ते इतकेच की समस्थिती म्हणजे स्तब्धता नव्हे. दोरीवर चालणारा डोंबारी स्थिर दिसतो, कारण तो क्षणोक्षणी हलत असतो.

मग दुसरे महायुद्ध आले. शत्रूचे विमान पाडावयाचे तर तोफ आता ते जेथे आहे तेथे नव्हे, पुढे जेथे असेल तेथे रोखली पाहिजे. ह्या प्रश्नावर काम करताना नॉर्बर्ट वीनर ह्या गणितज्ञाला वाटले की यंत्र असो, जनावर असो की माणूस, जो कोणी नेम धरतो तो आपल्या चुकीची वार्ता परत घेऊन पुढचे पाऊल दुरुस्त करीत असतो. ह्या परत येणाऱ्या वार्तेला फीडबॅक म्हणतात. १९४८ साली वीनरने 'सायबरनेटिक्स' हा ग्रंथ लिहिला. हे नाव त्याने सुकाणू धरणाऱ्या तांडेलासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून घेतले. आणि आपल्या इंजिनातल्या गव्हर्नराचे नावही त्याच शब्दाच्या लॅटिन रूपावरून आलेले आहे. मुंबईत राहणारे राज्याचे गव्हर्नरही अर्थातच त्याच कुळातले, परंतु त्यांच्याविषयी येथे बोलण्याचे कारण नाही.

वीनरविषयी आम्हांस विशेष ममत्व वाटते, त्याला कारण आहे. १९४९ च्या ऑगस्टात त्याने अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष वॉल्टर रॉयथर ह्यांना पत्र लिहिले. आपल्याच विद्येतून उद्या आपोआप चालणारे कारखाने उभे राहतील, त्यांत माणसांची गरज उरणार नाही, मोठी बेकारी येईल, तेव्हा कामगार संघटनांनी आताच जागे व्हावे, हा त्या पत्राचा आशय. एका मोठ्या कंपनीने त्याच्याकडे ह्याच विद्येचा सल्ला मागितला होता. नामांकित शास्त्रज्ञाने कंपनीचे काम बाजूला ठेवून युनियनच्या अध्यक्षाला आपण होऊन पत्र पाठवावे, असे प्रसंग आमच्या चळवळीच्या इतिहासात बोटांवर मोजण्याइतके. रॉयथरनेही त्याला तारेने उत्तर पाठविले. पुढे १९५५-५६ मध्ये वीनर कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये राहूनही गेला.

परंतु घराकडे हा विचार वळविला तो वीनरने नव्हे. ग्रेगरी बेटसन हा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ. त्याचे वडील विल्यम बेटसन ह्यांनीच जेनेटिक्स हा शब्द रूढ केला. हा मुलगा न्यू गिनीत सेपिक नदीकाठच्या याटमुल लोकांत राहिला आणि १९३६ साली त्याने 'नावेन' हे पुस्तक लिहिले. नावेन हा त्यांचा एक विधी. भाच्याने काही पराक्रम केला, म्हणजे पूर्वी शत्रू मारला किंवा नवी होडी घडविली, की मामा बायकांचे मळके कपडे घालून गावभर स्वतःची फजिती करून घेई. आपल्याकडेही मामाचा मान मोठा, पण असा नव्हे!

ह्या लोकांत बेटसनने एक गोष्ट टिपली. एका कुळाने बढाई मारली की दुसरे कुळ त्याहून मोठी बढाई मारी, म्हणून पहिले आणखी मोठी मारी. ही झाली बरोबरीची चढाओढ. दुसरीकडे पुरुष जितका तोरा मिरवीत तितक्या बायका कौतुकाने पाहत, आणि त्या जितक्या पाहत तितका पुरुषांचा तोरा वाढे. ही झाली विषम जोडीची वाढ. दोन्हींत प्रत्येकाचे वागणे दुसऱ्याच्या वागण्याला वाढवीत नेते आणि शेवटी फूट पडण्याची वेळ येते. ह्या क्रियेला त्याने स्किझमोजेनेसिस असे अवघड नाव दिले. आम्ही दुफळीची निपज म्हणतो. मग हा समाज फुटत का नाही, हे कोडे त्याला पडले होते. त्याचे उत्तर त्याला बरेच नंतर मिळाले. १९४६ ते १९५३ ह्या काळात मेसी फाउंडेशनच्या विद्यमाने दहा बैठका झाल्या, त्यांत गणिती, मेंदूचे डॉक्टर, इंजिनीयर आणि समाजशास्त्रज्ञ एकत्र बसले. बेटसन व त्याची तेव्हाची पत्नी मार्गारेट मीड त्या मंडळींत होती. तेथे ऐकलेल्या फीडबॅकच्या कल्पनेच्या उजेडात त्याने आपले जुने पुस्तक पुन्हा पाहिले आणि १९५८ च्या आवृत्तीला नवे प्रकरण जोडले. बरोबरीची चढाओढ फार ताणली गेली की मामाच्या सोंगासारखी उलट जातीची क्रिया तिला आवर घालते, असे त्याला आता दिसले. विहिरीवरच्या इंजिनातली वजने त्याला सेपिकच्या काठी सापडली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता कॅलिफोर्निया. पालो आल्टो गावाजवळच्या माजी सैनिकांच्या इस्पितळात १९५२ पासून बेटसनने जे हेली, जॉन वीकलंड आणि विल्यम फ्राय ह्यांना घेऊन माणसांच्या बोलण्याचालण्याचा अभ्यास सुरू केला. डॉन जॅक्सन हा मनोविकारतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाला. १९५६ साली त्यांनी स्किझोफ्रेनिया ह्या आजारावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात दुहेरी पेचाची कल्पना मांडली. त्यातले एक उदाहरण असे. आजारातून बराचसा सावरलेल्या तरुणाला भेटावयास त्याची आई आली. त्याने आनंदाने तिच्या खांद्याभोवती हात टाकला. तिचे अंग ताठरले. त्याने हात काढून घेतला. तेव्हा तिने विचारले, आता तुझे माझ्यावर प्रेम नाही का? तो लाजून लाल झाला, तर तिने वर समजूत घातली की आपल्या भावनांना असे भिऊ नये. हात ठेवावा तरी चूक, काढावा तरी चूक, आणि चूक झाली हे बोलून दाखवावे तर तीही चूक. आई निघून गेल्यावर त्या मुलाने एका नोकरावर हल्ला केला.

हे वाचले तेव्हा आम्हांस मेडिकल कॉलेजे आठवली नाहीत; एक सुपरवायझर आठवला. तो कामगारांना म्हणे, "डोकं चालवा, हुकमाची वाट बघू नका," आणि कोणी डोके चालविले की मेमो देई. मेमोला उत्तर दिले की म्हणे, तुमचा माझ्यावर विश्वासच नाही. त्याच्या खात्यातली चांगली शहाणी माणसे मुकी झाली होती.

डॉन जॅक्सनने दुसरी गोष्ट पाहिली, आणि आमच्या मते तीच अधिक मोलाची. रोगी सुधारला की घरातले दुसरे कोणीतरी बिघडते, असे त्याला वारंवार दिसले. कुटुंबाचीही एक समस्थिती असते आणि कित्येकदा एकाचे आजारपण ही त्या समस्थितीची किंमत असते, हा विचार त्याने १९५७ साली मांडला. पुढे १९५८ साली त्याने मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूट स्थापिली. व्हर्जिनिया सॅटिर ही पूर्वाश्रमीची शाळामास्तरीण आणि समाजसेविका तेथे आली. रोग्याला एकट्याला न तपासता सगळ्या घराला एका खोलीत बसवावयाचे, हे त्या मंडळींनी शिकविले. ज्याला घराने रोगी ठरविले तो घराच्या दुखण्याचा फक्त पुढचा माणूस असू शकतो, असे त्यांचे म्हणणे.

येथे आम्हांस आमच्या घरात पुन्हा शिरावे लागते. अडीच लाख गिरणी कामगारांचा तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. वडिलांना गिरणीने परत घेतले नाही. पुढे ते रात्रपाळीचे वॉचमन झाले. आई खानावळ चालवू लागली, आठ गडी जेवावयास येत. वडील दिवसा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडत, आणि आई भांड्यांशी बोलत असे, म्हणजे वडिलांना ऐकू जाईल असे. ती बोलली की ते अधिक गप्प होत. ते गप्प झाले की भांडी अधिक वाजत. असे दीड वर्ष चालले. मग आमच्या धाकट्या भावाने शाळा बुडविण्यास सुरुवात केली. एकदा तो दोन दिवस घरी आला नाही. त्या दोन रात्री आई आणि वडील दादर स्टेशनावर बरोबर हिंडले, बरोबर चहा प्याले. भाऊ सापडला, मार खाल्ला, आणि पुढची दोन वर्षे तो घराचा एकमेव विषय झाला. त्याच्या प्रगतिपुस्तकावर दोघे एका बाकावर बसून बोलत. सगळी चाळ म्हणे, ह्या पोराने आईबापांच्या जिवाला घोर लावला. तो सतराव्या वर्षी एका गॅरेजात चिकटला आणि सुधारला. त्याच महिन्यात भांडी पुन्हा वाजू लागली.

भाऊ हे सारे जाणूनबुजून करीत होता असे कोणी म्हणेल तर ते खोटे. त्याला काहीच ठाऊक नव्हते. इंजिनातल्या वजनाला तरी काय ठाऊक असते? परंतु जॅक्सनचा निबंध वाचला त्या दिवशी आम्ही भावाला फोन करून इतकेच विचारले, तू दोन दिवस कोठे होतास रे? तो म्हणाला, "कुठं नाही, कुर्ल्याला एका ट्रकमध्ये झोपलो होतो. का?"

ह्याच सुमारास दुसरीकडे मरे बोवेन नावाचा डॉक्टर आणखी पुढे गेला होता. १९५४ ते १९५९ ह्या काळात वॉशिंग्टनजवळच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत त्याने रोगी मुलींबरोबर त्यांच्या आयांनाही वॉर्डात राहावयास ठेवले, आणि लवकरच बाप व भावंडे ह्यांच्यासह अख्खी कुटुंबे. त्याला दिसले की दोन माणसांतला ताण त्यांना सोसेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात. त्याने ह्याला त्रिकोण म्हटले. महाराष्ट्रात ह्या त्रिकोणाची व्याख्या शिकवावी लागत नाही. "तुझ्या बापाला म्हणावं, जेवायचं असलं तर बसा," आणि तीन फुटांवरून, "तुझ्या आईला म्हणावं, भूक नाही." आम्ही ह्या निरोपांचे पोस्टमन होतो, आणि पोस्टमनपेक्षा वाईट, कारण निरोप पोचविताना आम्ही त्यात स्वतःचा सूर मिसळीत होतो. आम्ही आईच्या पक्षाचे होतो. संप करणारा बाप पडला म्हणून आमचा त्याच्यावर राग होता, हे युनियनमध्ये जन्म घालविल्यावर कबूल करणे सोपे नाही.

बोवेनचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. त्याने सिद्धांत आपल्या घरावर लावून पाहिला. टेनेसीतल्या आपल्या मोठ्या कुटुंबात जाऊन, कोणाचीही बाजू न घेता आणि कोणालाही न टाळता वागून काय होते, ते त्याने १९६७ साली जाणत्यांच्या सभेपुढे सांगितले. १९७२ साली तो वृत्तान्त छापला तेव्हा लेखक म्हणून नाव घातले नाही. घरची मंडळी दुखावू नयेत, हा संकोच आपल्या ओळखीचा आहे.

१९६७ सालीच पालो आल्टोच्या पॉल वाट्झलाविक, जॅनेट बीव्हिन आणि जॅक्सन ह्यांचे पुस्तक निघाले. आम्ही आरंभी जो नवरा-बायकोचा फेरा सांगितला तो त्यांच्या पुस्तकातही आहे. ते म्हणतात की अखंड चालणाऱ्या व्यवहारात प्रत्येक जण आपापल्या जागी पूर्णविराम देतो आणि तेथून वाक्य सुरू झाले असे मानतो. ल्युडविग फॉन बेर्टालान्फी ह्या व्हिएन्नाकडच्या जीवशास्त्रज्ञाने सजीवांपासून समाजापर्यंत सगळ्या प्रणालींना लागू पडतील अशा नियमांचा शोध आयुष्यभर घेतला आणि १९६८ साली तो ग्रंथरूपाने एकत्र केला. सिद्धांताला नाव व प्रतिष्ठा त्याच्यामुळे आली. घराच्या बाबतीत त्याचे काम दुरूनच उपयोगी पडले. गरिबांच्या घरांत हा विचार नेला तो मात्र अर्जेंटिनात जन्मलेल्या साल्वाडोर मिनुचिनने. न्यूयॉर्कजवळच्या एका शाळेत वस्त्यांतली वाट चुकलेली मुले येत, त्यांच्या कुटुंबांवर त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली पुस्तक लिहिले. पुढे फिलाडेल्फियात त्याने व हेलीने पदवी नसलेल्या वस्तीतल्याच माणसांना हे काम शिकविले. ते काम त्यांना जमले ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल की हा विचार सर्वस्वी निर्दोष आहे. तो तसा नाही. पहिला घाव आयांवर बसला. ज्या विचाराने दोष शोधणे सोडावयाचे, त्याच विचाराच्या नावाने डॉक्टर मंडळी रोग्याच्या आईकडे बोट दाखवू लागली. आईमुळे स्किझोफ्रेनिया होतो असे सुचविणारा शब्द १९४८ पासून चालत होताच. दुहेरी पेचाच्या उदाहरणाने त्याला बळ मिळाले. बेटसनच्या गटाने १९६२ मध्येच खुलासा केला की पेच टाकणारा एक आणि बळी दुसरा असे समजू नये, दोघेही त्यात अडकलेले असतात. पण खुलाशाला कोण विचारतो? आज आपल्याला ठाऊक आहे की त्या आजारात आनुवंशिकतेचा आणि मेंदूच्या घडणीचा मोठा भाग आहे आणि औषधे लागतातच. कित्येक आयांनी विनाकारण जन्मभर अपराधाचे ओझे वाहिले, आणि त्याबद्दल त्यांची कोणी माफी मागितल्याचे आमच्या वाचनात नाही.

मग घराचा काही संबंधच नाही काय? आहे, पण तो वेगळ्या रीतीने हुडकावा लागला. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५८ पासून इस्पितळातून घरी गेलेल्या रोग्यांचा मागोवा घेतला. ज्या घरांत सतत टीका, राग किंवा अति गुंतणे होते तेथे आजार अधिक वेळा उलटला. आजार घराने निर्माण केला असे नव्हे, पण उलटण्याला घराचा वारा कारणी लागतो. हेच मोजमाप चंदीगडला लावले त्याचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. तेथल्या घरांत टीका करणारे नातेवाईक लंडनपेक्षा बरेच कमी निघाले. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९५० नंतरच्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे डॉ. विद्यासागर ह्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रोग्याच्या नातेवाइकांना रोग्याजवळ राहावयास लावले. पालो आल्टोत आरशामागे बसून कुटुंबे पाहिली जात होती त्याच सुमारास अमृतसरला आया तंबूबाहेर चूल पेटवीत होत्या.

दुसरा आक्षेप बायकांनी घेतला, आणि तो आमच्या काळजाला लागतो. रेचल हेअर-मस्टिन ह्यांनी १९७८ साली आणि व्हर्जिनिया गोल्डनर ह्यांनी १९८५ साली विचारले, की प्रत्येकाचा परिणाम प्रत्येकावर होतो हे खरे, पण सगळ्यांचा सारखाच होतो काय? नवरा मारतो आणि बायको मार खाते, ह्याला दोघांचा फेरा म्हणावयाचे काय? पगार एकाच्या हातात, घर एकाच्या नावावर, आणि मुलांना घेऊन जावयाला दुसरीला दार नाही, तर तेथे वर्तुळाचे चित्र काढून काय साधले? खुद्द बेटसनला सत्ता हा शब्दच मान्य नव्हता. एकाची दुसऱ्यावर एकतर्फी सत्ता चालते ही कल्पनाच चुकीची, असे तो म्हणे. हेली त्याच्याशी ह्यावरूनच वाद घाली. आम्ही हेलीच्या आणि त्या दोघी बायकांच्या बाजूचे. बेटसनला आम्ही फार मानतो, पण तो कधी टाळेबंदीत सापडला नव्हता.

१९८२ च्या संपातही फेरा होता. आमच्या माणसांचा ताठा मालकांच्या ताठ्याला वाढवीत होता आणि त्यांचा आमच्या. बेटसनची बरोबरीची चढाओढच ती, असे कोणी म्हणेल. पण मालकांना कापड यंत्रमागांवर काढून घेता येत होते आणि गिरणीखालची जमीन बंद गिरणीतही मोलाचीच राहत होती. आमच्या घरी तांदळाचा डबा होता. इंजिन आणि गव्हर्नर दोघेही एकमेकांना फिरवतात, ठीक. परंतु तेलाची टाकी कोणाच्या ताब्यात आहे हेही पाहिले पाहिजे. म्हणून टेबलाशी बसताना आमची रीत अशी झाली आहे : आधी तेलाची टाकी कोणाकडे ते मोजावयाचे, आणि मग 'आधी कोणी सुरू केले' हा प्रश्न सोडून फेरा कोठे सैल करता येईल ते शोधावयाचे. पहिली गोष्ट न करता दुसरी केली तर तो शहाणपणा दुबळ्याच्याच अंगावर येतो. दुसरी न करता नुसती पहिलीच केली तर संप लांबतो आणि पोरे गावी जातात.

बोवेन वाचला तेव्हा आम्ही पस्तिशीचे होतो. आईवडील तोवर साताऱ्याकडे गावी राहावयास गेले होते. दिवाळीला गेलो. पहिल्याच संध्याकाळी आई चुलीपाशी बसून म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, जेवायचं असलं तर बसा." वडील ओसरीवर, चार पावलांवर. आम्ही म्हणालो, "आई, मी सांगणार नाही. तू सांग." तिने आमच्याकडे असे पाहिले की आम्ही तिच्या पक्षातून फुटलो. ओसरीवरून वडील म्हणाले, "तुझ्या आईला म्हणावं..." त्यांनाही तेच सांगितले. त्या रात्री कोणी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दोघेही आमच्याशी बोलेनात. आईबापांची वीस वर्षांत प्रथमच एकजूट झाली ती आमच्याविरुद्ध. आम्हांस एस.टी.चे तिकीट काढावेसे वाटू लागले. बोवेनने लिहून ठेवले होते की असेच होईल, घर तुम्हांला जुन्या जागी ढकलील, म्हणून राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई ओसरीच्या दारात येऊन उभी राहिली. आमच्याकडे पाहिले नाही. वडिलांकडेही पाहिले नाही, अंगणातल्या तुळशीकडे पाहून म्हणाली, "साखर संपलीया."

वडील उठले, पायात चपला सरकविल्या आणि खुंटीवरची पिशवी घेऊन विचारते झाले, "किती आणू?"